फिनलंडच्या आघाडीवरील कामगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



३० नोव्हेंबर १९३९ रोजी सकाळी सोव्हिएत विमानांनी हेलसिंकी शहरावर बॉम्ब टाकले आणि चार लाखांहून अधिक सोव्हिएत फौज फिनलंडच्या सीमेतून आत शिरली. दुसऱ्याच दिवशी सीमेलगतच्या टेरियोकी या गावी ‘जनतेचे सरकार’ स्थापन झाल्याची घोषणा झाली. त्याचे प्रमुख होते ओटो कुसिनेन, १९१८च्या फिनी क्रांतीतील एक पुढारी. पराभवानंतर ते रशियात गेले होते आणि कम्युनिस्ट इंटरनॅशनलमध्ये मोठ्या पदाला पोहोचले होते. २ डिसेंबरला मोलोतोव्ह यांनी या सरकारशी मैत्रीचा करारही केला. सोव्हिएत प्रचाराचा अर्थ स्पष्ट होता : लाल सेना चढाई करीत नाही, ती फिनी कामगारांना त्यांच्या भांडवलदारांपासून आणि जमीनदारांपासून मुक्त करण्यास येत आहे, सबब कामगार बंदुका टाकतील, नव्हे, त्या आपल्या मालकांवरच रोखतील.

तसे घडले नाही. टाम्पेरेच्या कापडगिरण्यांतील, हेलसिंकीच्या गोदीतील आणि उत्तरेकडील जंगलतोडीतील मजूर बोलावणे येताच आघाडीवर गेले आणि ठामपणे लढले. समाजवादी कार्यकर्त्याने या घटनेचा विचार करावयास हवा. ‘राष्ट्रवादाच्या नशेने कामगारांची वर्गजाणीव बधिर झाली’, असे एक सोपे उत्तर यावर दिले जाते. ‘फिनी माणूस मुळातच शूर’, असे दुसरे उत्तर आहे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण या कामगारांना आपल्या सत्ताधाऱ्यांविषयी कसलाही भ्रम नव्हता.

१९१८च्या जानेवारीत फिनलंडमध्ये यादवी युद्ध पेटले. एका बाजूला औद्योगिक कामगार, शेतमजूर आणि कुळे यांचे लाल रक्षक, तर दुसऱ्या बाजूला सेनापती मानरहाइम यांच्या नेतृत्वाखालील श्वेत सेना. साडेतीन महिन्यांत लालांचा पराभव झाला. एप्रिलमध्ये टाम्पेरे पडले, तेव्हा त्या एका शहरातच दहा हजारांहून अधिक लोक कैद झाले. देशभरात सुमारे ८० हजार माणसे छावण्यांत कोंडली गेली आणि त्यांतील बारा हजारांहून अधिक भुकेने व रोगांनी मेली. हजारोंना गोळ्या घालण्यात आल्या. तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात यादवीने घेतलेले एकूण बळी छत्तीस हजारांच्या वर गेले. लालांची प्रेते सामुदायिक खड्ड्यांत पुरली गेली. त्यांच्यावर दगड उभारण्याचीही कित्येक ठिकाणी मुभा नव्हती. पुढे वीस वर्षे १६ मे हा दिवस श्वेतांचा विजयदिन म्हणून संचलनाने साजरा होत असे आणि कामगार वस्त्यांतील बायका त्या दिवशी खिडक्यांआडून आपल्या नवऱ्यांच्या मारेकऱ्यांची मिरवणूक पाहत. १९३९ साली खंदकात उतरलेल्या कित्येक तरुणांचे बाप त्या खड्ड्यांत होते. आणि सरसेनापती होते तेच मानरहाइम.

मग ही माणसे का लढली? याचे उत्तर त्या वीस वर्षांतच शोधावे लागते. पराभूत चळवळ मेली नाही. आठ तासांच्या दिवसाचा कायदा १९१७ सालीच झाला होता. जमीनदाराच्या शेतावर वेठीचे दिवस भरून त्याच्या तुकड्यावर राहणाऱ्या कुळांना ती जमीन विकत घेण्याचा हक्क १९१८च्या कूळकायद्याने मिळाला. कामगारांनी सहकारी भांडारे उभारली, वाचनालये, नाट्यगृहे, क्रीडा संघ बांधले. १९२६ साली व्हाइनो टॅनर यांचे सोशल डेमोक्रॅट मंत्रिमंडळ आले. १९३० नंतरच्या काळात फॅसिस्ट वळणाच्या लापुआ चळवळीने कामगार पुढाऱ्यांना पळवून नेणे, मारहाण करणे असे प्रकार केले. कम्युनिस्टांवर बंदी आली. तरीही १९३२ साली त्या चळवळीचे बंड मोडले आणि संसदीय लोकशाही तगली. १९३७ साली सोशल डेमोक्रॅट आणि शेतकऱ्यांचा पक्ष यांचे संयुक्त सरकार बनले. १९३९च्या जुलैतील निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांना २००पैकी ८५ जागा मिळाल्या.

कुसिनेन सरकारचा जाहीरनामा या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे तो का फसला हे कळते. त्यात आठ तासांच्या दिवसाचे आश्वासन होते आणि जमीनवाटपाचे आश्वासन होते. जे आपल्या लढ्याने काही अंशी मिळवले, तेच बॉम्बबरोबर भेट म्हणून येत आहे, हे पाहून कामगाराला राग यावा की हसू? शिवाय सीमेपलीकडे गेलेल्या आपल्या सोयऱ्यांचे काय झाले, हेही त्याच्या कानावर आले होते. १९१८ नंतर आणि तिसाव्या दशकातील मंदीत हजारो फिनी समाजवादी, काही थेट अमेरिकेतून, कामगारांच्या राज्यात राहावयास म्हणून रशियात गेले होते. १९३७-३८च्या शुद्धीकरणात त्यांतील पुष्कळांना स्टॅलिनच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. फिनी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस आर्वो तुओमिनेन तेव्हा स्टॉकहोमला होते. नव्या सरकारात प्रमुखपद घेण्यासाठी मॉस्कोचे बोलावणे आले, तेव्हा त्यांनी नकार दिला.

आता आघाडीवरील एका ठिकाणाकडे पाहू. टाम्पेरे आणि परिसरातील माणसांची १६ वी पायदळ रेजिमेंट डिसेंबरच्या आरंभी लाडोगा सरोवराच्या उत्तरेला टोल्वायार्वी येथे पाठवली गेली. तिच्यात गिरणीकामगारांचा भरणा होता. तिचे नेतृत्व होते लेफ्टनंट कर्नल आरो पायारी यांच्याकडे. १९३३ साली टाम्पेरेत सोशल डेमोक्रॅटांनी उभारलेले लाल झेंडे नागरिक-रक्षक दलाने उतरवले होते, ते या पायारींच्याच पुढाकाराने. ज्या माणसाने आपला झेंडा काढून टाकला त्याच्या हुकुमाखाली त्याच शहरातील कामगार लढावयास उभे होते. झेंड्याचा अपमान ते विसरले असतील असे मानण्याचे कारण नाही. परंतु समोरचे संकट आणि घरचे भांडण यांतला फरक ते जाणून होते.

१० डिसेंबरच्या रात्री एक सोव्हिएत बटालियन जंगलातून वळसा घालून फिनी फळीच्या पिछाडीला उतरली. दिवसेंदिवस बर्फातून चाललेली ती माणसे उपाशी होती. समोर लष्करी मुदपाकखाना होता आणि मोठ्या हंड्यांत सॉसेज घातलेले गरम कढण शिजत होते. हल्ला तेथेच थबकला. सैनिक हंड्यांवर तुटून पडले. पायारींनी आचारी, कारकून, गाडीवान, जे हाती लागले ते गोळा केले आणि रात्रीच्या अंधारात हातघाईची लढाई झाली. फिनी लोक या चकमकीला ‘सॉसेज युद्ध’ म्हणतात. दोन दिवसांनी, १२ डिसेंबरला, गोठलेल्या सरोवरावरून चाल करून याच माणसांनी फिनलंडला पहिला मोठा विजय मिळवून दिला. त्या हंड्याभोवती मेलेले सोव्हिएत शिपाई हेही कोणाचे तरी शेतकरी पुत्र होते आणि त्यांना पोटभर जेवण न देता मुक्तीच्या कामाला धाडले गेले होते, हे मात्र विजयाच्या वर्णनात सहसा येत नाही.

त्या हिवाळ्याची कल्पना आपल्याकडील माणसाला करणे अवघड आहे. जानेवारी १९४० मध्ये पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरला. उत्तरेकडील आघाडीवर दिवसाचा उजेड जेमतेम चार तासांचा. उघड्या हाताने बंदुकीचे लोखंड धरले तर कातडी त्याला चिकटून निघे. फिनी सैन्याजवळ रणगाडे जवळपास नव्हतेच, तोफगोळे मोजके होते आणि सर्वांना पुरेसे गणवेशही नव्हते. कित्येकांना पट्टा आणि टोपीवरचे चिन्ह एवढेच मिळाले. बाकी कपडे घरचेच. पंतप्रधान कायांदेर यांच्या नावावरून या वेषाला ‘कायांदेर नमुना’ असे नाव लोकांनी ठेवले. गरिबाच्या लेकराला सरकार काय देते याची ती खंदकातली थट्टा होती.

तरीही त्यांच्याजवळ काही गोष्टी होत्या, आणि त्या सर्व त्यांच्या रोजच्या कष्टाच्या जीवनातून आलेल्या होत्या. जंगलतोडीवर जाणाऱ्या मजुराला स्कीवरून, म्हणजे पायांना बांधलेल्या लांब लाकडी पट्ट्यांवरून, दिवसभर घसरत जाण्याची सवय होती. राहुटीच्या मध्यभागी शेगडी आणि तिच्याभोवती पाय करून वीसएक माणसे दाटीने झोपलेली असत. एकाने आळीपाळीने रात्रभर जागून शेगडीत लाकूड घालायचे, कारण तो पेंगला तर सगळेच गारठणार. बर्फात मिसळून जावे म्हणून अंगावर पांढरे झगे, काही तर घरच्या चादरींचे शिवलेले. जखमींना आणि दारूगोळ्याला ओढण्यासाठी होडीच्या आकाराच्या ढकलगाड्या आणि शेतकऱ्यांच्या गोठ्यांतून आणलेले घोडे. जेवण म्हणजे वाटाण्याचे कढण आणि राय धान्याची सुकी भाकरी. जेथे फळी काही दिवस स्थिर राही तेथे सैनिक प्रथम ओंडक्यांची न्हाणी बांधीत आणि तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफेने अंग शेकीत. उवांपासून आणि हताशपणापासून त्यांना या न्हाणीने जेवढे वाचवले तेवढे अन्य कशाने क्वचितच वाचवले असेल.

या युद्धातील सर्वांत प्रसिद्ध डावपेचाचे नावही कष्टकऱ्याच्या भाषेतील आहे. ‘मोत्ती’ म्हणजे जंगलात तोडून रचून ठेवलेली, नंतर उचलून नेण्याची जळाऊ लाकडाची थप्पी. सोव्हिएत तुकड्या अवजड यंत्रसामग्री घेऊन जंगलातील एकाच अरुंद रस्त्याने पुढे सरकत. फिनी तुकड्या बाजूच्या जंगलातून येऊन ती लांब रांग ठिकठिकाणी तोडीत आणि तिच्या थप्प्या करीत. मग थंडी आणि उपासमार आपले काम करीत. सुओमुस्साल्मी आणि राते रस्त्यावर डिसेंबर-जानेवारीत अशा रीतीने दोन सोव्हिएत डिव्हिजन नष्ट झाल्या. त्यांतील ४४ वी डिव्हिजन युक्रेनमधून आणली होती. तिच्यातील पुष्कळांना ना स्की चालवता येत होत्या, ना त्या थंडीला पुरतील असे कपडे होते. वेढ्यातून निसटलेल्या तिच्या सेनापतीला, विनोग्रादोव्ह यांना, आपल्याच सैनिकांसमोर गोळ्या घालण्यात आल्या. १९४० च्या मार्चमध्ये मोलोतोव्ह यांनी सोव्हिएत मृतांचा आकडा सुमारे ४९ हजार सांगितला. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर खुद्द रशियन लष्करी अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेला मृत व बेपत्तांचा आकडा १ लाख २६ हजारांच्या वर आहे. जे राज्य कामगारांच्या नावाने चालत होते, त्याने आपल्या मेलेल्या कामगार-शेतकऱ्यांची मोजदादही अर्धशतक लपवून ठेवली.

आघाडीच्या मागे दुसरे युद्ध स्त्रिया लढत होत्या. राजामाकी येथील सरकारी दारूभट्टीत बाटल्यांमध्ये ज्वालाग्राही मिश्रण भरून रणगाड्यांवर फेकण्याची अस्त्रे तयार होत. काही महिन्यांत पाच लाखांहून अधिक बाटल्या भरल्या गेल्या आणि भरणारे हात बहुतेक स्त्रियांचे होते. मोलोतोव्ह यांचे नाव त्या बाटलीला फिनी सैनिकांनीच चिकटवले आणि ते पुढे जगभर गेले. गावोगाव शेत, गोठा आणि मुले स्त्रियांच्या अंगावर पडली.

आघाडीवर मेलेल्याचे प्रेत शक्य तो त्याच्या गावी आणून चर्चच्या आवारात पुरण्याची पद्धत या युद्धात रूढ झाली. एका ओळीत, सारख्याच थडग्यांत, अधिकारी आणि शिपाई, सावकाराचा मुलगा आणि गिरणीकामगाराचा मुलगा. ज्या माउलीचा नवरा १९१८ साली निनावी खड्ड्यात गेला, तिच्या मुलाला १९४० साली गावाने टोप्या काढून मूठमाती दिली. हा सन्मान फार महागात पडलेला होता, आणि तो आधीच्या अन्यायाची भरपाईही नव्हता. परंतु सत्ताधारी वर्गाला आता काही गोष्टी मान्य करणे भाग पडले. २३ जानेवारी १९४० रोजी मालकांच्या महासंघाने कामगारांच्या मध्यवर्ती संघटनेला वाटाघाटीतील समान पक्ष म्हणून प्रथमच जाहीर मान्यता दिली. फिनी इतिहासात ही घटना ‘जानेवारीचा साखरपुडा’ म्हणून ओळखली जाते. त्याच वसंतात मानरहाइम यांनी १६ मेचे विजयसंचलन बंद केले आणि त्याऐवजी सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस पाळण्यास आरंभ झाला. हे औदार्य नव्हते. कामगारांवाचून युद्ध चालत नाही, हे मालकांना कळले होते. साखरपुड्यानंतर लग्न लागायलाही युद्ध संपावे लागले; सार्वत्रिक सामूहिक करार त्यानंतरच आले.

१३ मार्च १९४० रोजी, १०५ दिवसांनंतर, हिवाळी युद्ध थांबले. फिनलंडचे पंचवीस हजारांहून अधिक सैनिक मेले होते आणि देशाचा सुमारे दहावा भाग गेला. कारेलियातील चार लाखांवर माणसे, गुरे हाकीत, बर्फातून पश्चिमेला निघाली. टेरियोकीचे ‘जनतेचे सरकार’ मात्र मॉस्कोने गुपचूप गुंडाळून ठेवले. जनतेनेही त्याची विचारपूस केली नाही.

गोष्ट येथेच संपली असती तर कार्यकर्त्याने निर्धास्तपणे टाळ्या वाजवाव्यात अशी होती. ती येथे संपत नाही. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर चढाई केली आणि फिनलंड त्याच्या बाजूने युद्धात उतरले. गेलेला प्रदेश परत मिळवणे हा हेतू सैनिकाला समजण्यासारखा होता. परंतु सप्टेंबरात फौजा १९३९ ची जुनी सीमा ओलांडून पूर्व कारेलियात, जो कधीच फिनलंडच्या राज्यात नव्हता त्या मुलखात, शिरू लागल्या. तेव्हा अनेक तुकड्यांतील सैनिकांनी सीमेवर थांबून पुढे जाण्यास नकार दिला. आपला देश राखावयास आलो, दुसऱ्याचा घ्यावयास नाही, हा त्यांचा हिशेब होता. काहींची समजूत घातली गेली, काहींना शिक्षा झाल्या.

पेट्रोझावोद्स्क शहर जिंकून त्याचे नाव बदलण्यात आले. तेथे आणि आसपास रशियन वंशाच्या नागरिकांना काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले गेले. एका वेळी त्यांची संख्या सुमारे २४ हजारांपर्यंत गेली होती. चार हजारांहून अधिक माणसे, त्यांत पुष्कळ मुले आणि वृद्ध, तेथे मेली. सुमारे ६४ हजार सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी १९ हजारांच्या आसपास, बहुतेक पहिल्याच हिवाळ्यात, भुकेने व रोगाने संपले. १९१८ च्या छावण्यांचीच ही पुनरावृत्ती होती. फरक एवढाच की, आता सोशल डेमोक्रॅट पक्षाचे मंत्री सरकारात बसलेले होते. त्या पक्षातील के. एच. वीक यांच्यासारख्या ज्या थोड्यांनी या मार्गाला विरोध केला, ते तुरुंगात गेले.

शांततावादी आर्न्ट पेकुरिनेन हा तर एकटा माणूस. लष्करी सेवा नाकारल्याबद्दल त्याने आधीही तुरुंगवास भोगला होता आणि त्याच्या लढ्यामुळे १९३१ साली शांतताकाळात पर्यायी सेवेचा कायदा झाला होता. १९४१ साली त्याला आघाडीवर नेऊन बंदूक हाती देण्यात आली. त्याने ती घेतली नाही. ५ नोव्हेंबर १९४१ रोजी सुओमुस्साल्मी परिसरात त्याला गोळी घालण्यात आली. त्यापूर्वी दोन सैनिकांनी ती गोळी झाडण्याचा हुकूम पाळण्यास नकार दिला होता. निःशस्त्र माणसावर बंदूक न चालवणारे ते दोघेही आघाडीवरचे सैनिकच होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

१९४१ च्या अखेरीपासून अडीच वर्षे आघाडी जवळजवळ हलली नाही. जमिनीत खणलेल्या ओंडक्यांच्या खोल्यांत सैनिकांचे संसार थाटले. पहारा, लाकूडतोड, उंदरांशी लढाई, पत्रांची वाट. फावल्या वेळात ते भूर्ज वृक्षाच्या लाकडातून डबे, मेणबत्तीचे दिवे, मुलांसाठी खेळणी कोरीत आणि पडलेल्या विमानाच्या पत्र्यातून अंगठ्या घडवीत. कॉफीच्या नावाने भाजलेल्या धान्याचे काळे पाणी मिळे. सुगीच्या दिवसांत रजा मिळेल की नाही, याची चिंता शत्रूपेक्षा अधिक असे, कारण घरी बायको एकटीच नांगर धरून होती. टाम्पेरेच्या गिरणीत काम करणारे व्हाइनो लिन्ना याच युद्धात लढले आणि १९५४ साली त्यांनी ‘अज्ञात सैनिक’ ही कादंबरी लिहिली. अधिकाऱ्यांच्या घोषणांना तोंडावर उत्तर देणारा, तरीही सोबत्याला टाकून न जाणारा साधा शिपाई फिनी समाजाला तिच्यात प्रथमच ओळखीचा वाटला.

९ जून १९४४ ला सोव्हिएत तोफा सुरू झाल्या, २० जूनला विपुरी पडले आणि सप्टेंबरात फिनलंडने युद्धविराम स्वीकारला. तीन युद्धांत मिळून नव्वद हजारांहून अधिक फिनी माणसे मेली. कारेलिया दुसऱ्यांदा रिकामा झाला. निर्वासितांना आणि परतलेल्या सैनिकांना जमीन देण्यासाठी १९४५ साली कायदा झाला आणि ३० कोटी डॉलर्सची युद्धखंडणी फिनी कामगारांनी १९५२ पर्यंत यंत्रे आणि जहाजे बनवून फेडली. टॅनर यांना युद्धाच्या जबाबदारीबद्दल साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. कम्युनिस्ट पक्ष कायदेशीर झाला आणि त्याच्या आघाडीने १९४५ च्या निवडणुकीत ४९ जागा मिळवल्या. म्हणजे ज्या मतांना टेरियोकीचे सरकार बंदुकीने हाक मारीत होते, ती मते मतपेटीतून, आपल्या मर्जीने, पाच वर्षांनी व्यक्त झाली.

या साऱ्या हकिकतीतून कार्यकर्त्याने काय घ्यावे? समतेचा विचार कितीही न्याय्य असो, तो परक्या रणगाड्यावर बसून आला की ज्याच्यासाठी तो आहे तोच माणूस त्याच्यावर बाटली फेकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन फौजा पुन्हा मुक्तीचीच भाषा बोलत युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हा फिनलंडला १९३९ आठवले आणि एप्रिल २०२३ मध्ये तो देश नाटोत दाखल झाला. नाटोच्या छत्राबद्दल समाजवाद्यांत मतभेद होतील, व्हावेतही. परंतु त्या भयाला तसा इतिहास आहे, हे नाकारता येणार नाही. १९४१ चा धडा घेणे याहून कठीण आहे. स्वतःचे घर राखण्याच्या न्याय्य लढ्यातून उठलेले तेच सैन्य, तोच सेनापती आणि तोच कामगार पक्ष अवघ्या दोन वर्षांत दुसऱ्याच्या गावाभोवती काटेरी तारा ओढू शकतो. अशा वेळी पक्षाचा ठराव किंवा मंत्र्यांचे भाषण वाट दाखवीलच, असे नाही. त्या सप्टेंबरात ती सीमा नेमकी कोठे आहे हे ओळखले, ते थकलेल्या, उवांनी बेजार झालेल्या काही शिपायांनी. कामगार चळवळीने त्यांची आठवण टोल्वायार्वीच्या विजयाइतकीच जपली पाहिजे.